चुलीचा धूर आणि तपकिरी ढग

मागील अंकात वीरभद्रन रामनाथन या वातावरणशास्त्रज्ञाच्या संशोधनावर एक छोटे टिपण छापले होते. हवेत तरंगणारे सूक्ष्म घन किंवा द्रव कण, ज्यांना एरोसोल म्हणतात, ते पृथ्वीच्या तापमानावर आणि आपल्या श्वासावर काय परिणाम करतात, या प्रश्नाचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. टिपण वाचून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा आखडता घेतला आहे.

रामनाथन मूळचे अभियंता असून शीतकपाटांच्या उद्योगात नोकरीला होते, असे आपण लिहिले आहे. तेथून ते हवेतील धुळीपर्यंत कसे पोहोचले? ही दिशा त्यांनी ठरवून घेतली होती काय?
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

ठरवून घेतलेली म्हणता येणार नाही. १९४४ साली चेन्नईत जन्मलेले रामनाथन अकरा वर्षांचे असताना कुटुंबासह बंगळुरूला आले आणि तमिळ माध्यमातून एकदम इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसले. शिक्षक काय बोलतात ते कळेना, तेव्हा ऐकण्याची सवयच सुटली आणि गोष्टी आपल्या आपण समजून घेण्याची सवय लागली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपण शिक्षक आहात, म्हणून हे आवर्जून लिहिले. १९६५ मध्ये अण्णामलै विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी सिकंदराबादला शीतकरण उद्योगात नोकरी धरली. यंत्रात भरलेला वायू इतक्या लवकर का गळतो, हे शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. तो वायू क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, या वर्गातला होता. नोकरीत मन रमले नाही, म्हणून ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे शिकायला गेले आणि तेथून १९७० साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथे पोहोचले.

अभियांत्रिकीतच संशोधन करायचे, हा बेत पक्का होता. परंतु त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट सेस यांनी नेमका त्याच सुमारास आपला विषय बदलला आणि ते ग्रहांच्या वातावरणाकडे वळले. मग विद्यार्थीही त्यांच्यामागोमाग गेला. चरित्रलेखक अशा वळणाला नियती वगैरे म्हणतात. मला त्यात गुरूने विषय बदलला आणि शिष्याने तक्रार न करता तो पत्करला, एवढेच दिसते. १९७४ मध्ये पीएच.डी. झाली. त्याच वर्षी मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी सीएफसी वायू ओझोनच्या थरापर्यंत पोहोचून त्याचा नाश करू शकतात, हे दाखवून दिले होते. सगळ्यांचे लक्ष ओझोनकडे लागलेले असताना रामनाथन यांनी निराळा प्रश्न विचारला: हे रेणू पृथ्वीकडून बाहेर जाणारी उष्णता किती अडवतात? १९७५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले उत्तर त्या काळी धक्कादायक होते. सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूच्या सुमारे दहा हजार पट परिणाम करतो, असे गणित निघाले. सिकंदराबादेत ज्याची गळती थांबत नव्हती, तो हाच वायू.

धुळीपर्यंतचा प्रवास ढगांवाटे झाला. १९८० च्या दशकात उपग्रहांवरील उपकरणांनी पृथ्वीवर येणारी आणि पृथ्वीवरून परत जाणारी ऊर्जा मोजली गेली आणि ढग एकंदरीत पृथ्वीला थंड ठेवतात, हे रामनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले. आता ढगातला प्रत्येक थेंब कोणत्या ना कोणत्या कणावर धरलेला असतो. ढगांचा हिशेब मांडणारा माणूस म्हणूनच आज ना उद्या कणांच्या दारात येऊन उभा राहतो. १९९० पासून ते कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत होते. एरोसोलवरचे त्यांचे सर्वात गाजलेले काम हाती आले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

मालदीवसारख्या निळ्याशार समुद्रातील बेटांवर जाऊन प्रदूषण मोजण्यात काय हशील? ते मुंबईत, दिल्लीत मोजायला हवे होते.
— एक वाचक, अलिबाग

आपण समुद्राकाठी राहता, तेव्हा वाऱ्याच्या दिशेपासूनच सुरुवात करू. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हिवाळ्यात मात्र भारतीय उपखंडावरील हवा ईशान्येकडून समुद्रावर वाहत जाते आणि त्या दिवसांत पाऊस जवळजवळ नसल्यामुळे ती धुतलीही जात नाही. उलट विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे शेकडो मैल नुसता महासागर पसरलेला असल्याने तेथील हवा अतिशय स्वच्छ असते. या दोन हवा विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात एकमेकींना भिडतात. म्हणजे एकाच जहाजातून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना माणसाळलेली आणि न माणसाळलेली, अशी दोन्ही आभाळे एका सफरीत मोजता येतात. शहरात मोजणी करायची, तर रस्त्यावरचा ट्रक, शेजारचा भट्टीवाला आणि आदल्या रात्रीची शेकोटी यांतून मूळ प्रश्न वेगळा काढता येत नाही.

या विचारातून हिंदी महासागर प्रयोग, म्हणजे इंडोएक्स, उभा राहिला. रामनाथन आणि नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुत्झन हे त्याचे प्रमुख होते. मुख्य मोहीम १९९९ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत झाली. तीत अनेक देशांचे दोनशेहून अधिक शास्त्रज्ञ, विमाने, उपग्रह आणि जहाजे होती, आणि भारताची ‘सागर कन्या’ ही संशोधन नौकाही होती. मालदीवमधील काशिधू बेटावर वेधशाळा उभारली होती.

जे दिसले त्याची व्याप्ती कोणाच्याच कल्पनेत नव्हती. सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी धुरकट थर हिमालयाच्या पायथ्यापासून थेट उत्तर हिंदी महासागरावर पसरला होता, आणि त्याने व्यापलेले क्षेत्र सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांएवढे होते. त्यात सल्फेट (गंधकापासून बनलेले क्षार), सेंद्रिय कार्बन, धूळ, राख असे बरेच काही मिसळलेले होते आणि त्यातला बहुतांश भाग मानवनिर्मित होता. काजळीचे प्रमाण वजनाने पाहिले तर एक-दशांशाच्या जवळपासच होते. पण रंग तिचा होता आणि करामतही तिचीच होती.

सल्फेटचा कण पांढरट असतो. तो ऊन परतवून लावतो. काजळीचा कण मात्र ऊन गिळतो आणि तापतो. त्यामुळे त्या थराखालच्या समुद्राला कमी ऊन मिळते आणि थर स्वतः गरम होतो. अवकाशातून पाहणाऱ्याला पृथ्वीच्या ऊर्जेत थोडासाच फरक दिसतो, पण समुद्राच्या पृष्ठभागावर तोच फरक कितीतरी पटींनी मोठा असतो, कारण मधल्या मध्ये ती ऊर्जा हवेने खाल्लेली असते. तोपर्यंतची गणिते मुख्यतः वातावरणाच्या माथ्यावरचा जमाखर्च पाहत होती. घरात आलेले पैसे आणि घरातून गेलेले पैसे जुळले, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या पदरात सारखेच पडले असे होत नाही, तसे हे आहे.

पुढे २००६ मध्ये मालदीवमध्येच त्यांनी तीन छोटी मानवरहित विमाने एकावर एक अशी एकाच वेळी उडवली. एक धुरकट थराच्या खाली, एक थरात आणि एक वर. एकाच क्षणी तिन्ही उंचींवरचे ऊन मोजल्यावर मधल्या हवेने किती ऊर्जा शोषली, ते थेट वजाबाकीने कळले. खालच्या वातावरणातील सूर्यप्रकाशाने होणारी तापण या थरामुळे सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. मला स्वतःला हा प्रयोग त्यांच्या सर्व कामांत सर्वात देखणा वाटतो, कारण त्यात गृहीत धरायला फारसे काही उरत नाही.

डोळ्यांना न दिसणारे कण मोजतात तरी कसे? वर्तमानपत्रात रोज ‘पीएम २.५’ चा आकडा येतो, तो नेमका कशाचा असतो?
— बारावीतील एक विद्यार्थिनी, लातूर

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे हे कण त्याच्या विसाव्या हिश्श्याहून लहान. आकडा असतो तो त्यांच्या वजनाचा: एक घनमीटर हवेत असे किती मायक्रोग्रॅम कण आहेत.

संशोधनाच्या क्षेत्रात शिरलो, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे मी हे वजन करण्याचेच काम करीत होतो, म्हणून ते जरा जवळून सांगतो. रुपयाच्या नाण्याहून मोठी, पांढरी, जवळजवळ पारदर्शक अशी गाळणीची चकती असते. ती हाताने धरायची नाही, चिमट्यानेच उचलायची. वापरण्याआधी ती एका खोलीत, ठरलेल्या तापमानाला आणि ठरलेल्या दमटपणात, चोवीस तास नुसती ठेवून द्यायची, कारण कागद आणि त्यावरची धूळ दोन्ही हवेतले पाणी पितात. मग तिच्यावरचा स्थिर विद्युतभार काढून ती मायक्रोग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या तराजूवर ठेवायची. तेवढ्यात कोणी दार उघडले, तर आकडा डोलू लागतो. त्यानंतर चकती यंत्रात बसवून चोवीस तास हवा ओढायची. यंत्र मिनिटाला साडेसोळा लिटरच्या आसपास हवा ओढते, म्हणजे दिवसभरात सुमारे चोवीस घनमीटर. हवेत साठ मायक्रोग्रॅम कण असतील, तर चोवीस गुणिले साठ, म्हणजे दीड मिलिग्रॅमही नाही, एवढाच दिवसभराचा ऐवज त्या चकतीवर जमा होतो. चकती राखाडी झालेली दिसते. पुन्हा चोवीस तास ठेवायची, पुन्हा तोलायची आणि पहिले वजन वजा करायचे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी साठच्या आणि वर्षाची चाळीसच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली वार्षिक मर्यादा पाच आहे. शहरात रोज तासातासाला दिसणारे आकडे स्वयंचलित यंत्रांचे असतात, पण पडताळा घ्यायची वेळ आली की या चकतीकडेच यावे लागते.

वजन वेगळे आणि संख्या वेगळी. अतिसूक्ष्म कणांना वजन असे जवळजवळ नसतेच, म्हणून ते मोजावे लागतात. ही युक्ती जॉन एटकिन या स्कॉटिश गृहस्थांची. जन्म १८३९, गाव फॉल्कर्क. तेही अभियंताच, प्रकृतीने साथ न दिल्यामुळे जहाजबांधणीचा व्यवसाय सोडून ते घरीच प्रयोगशाळा मांडून बसले. वाफेचा थेंब धरायला कण लागतो, कण नसेल तर धुके धरत नाही, हे त्यांनी ओळखले आणि मग ते उलटे वापरले. पेटीत ओलसर हवा घ्यायची, पंपाचा दट्ट्या ओढून ती एकदम प्रसरण पावू द्यायची म्हणजे ती थंड होते आणि प्रत्येक कणावर एक थेंब धरतो. ते थेंब खाली चौकटी आखलेल्या लहानशा चकचकीत पट्टीवर पडले की भिंग लावून एकेक मोजायचे. आजची यंत्रे पाण्याऐवजी ब्युटेनॉलची वाफ वापरतात आणि थेंब लेसरच्या प्रकाशात मोजतात, तत्त्व तेच. एक-दशांश मायक्रोमीटरहून लहान कणांच्या एका गटाला आजही एटकिन यांचे नाव आहे.

माझे सगळे बालपण आईशेजारी चुलीपुढे गेले. पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांवर आमचा स्वयंपाक होई. आता शास्त्रज्ञ म्हणतात की जग तापण्यात चुलीचाही वाटा आहे. मोटारी आणि कारखाने सोडून हा दोष आमच्या आयांच्या माथी का?
— एक गृहिणी, यवतमाळ

आपल्या पत्रातील राग मला रास्त वाटतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

आधी वस्तुस्थिती. उपखंडावरील काजळी कोठून येते, यावर बराच काळ वाद होता. उपकरणे एक सांगत होती आणि इंधनाच्या खपावरून केलेले हिशेब दुसरेच. मुंबईच्या आयआयटीत चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूड, पिकांचे धसकट आणि गोवऱ्या जाळून त्यांच्या धुराचे प्रत्यक्ष मापन केले आणि २००५ साली असे दाखवले की भारतातील काजळीचा सर्वात मोठा स्रोत घरगुती सरपण हा आहे. तरीही शंका उरली. ती बऱ्याच अंशी मिटवली ती सिंहगडाने. गडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, म्हणजे आयआयटीएमचे, निरीक्षण केंद्र आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे एकाच गल्लीचा नव्हे, तर मोठ्या प्रदेशाचा धूर येतो. तेथील आणि मालदीवमधील हनिमाधू बेटावरील नमुने स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी आयआयटीएमच्या सहकाऱ्यांसह तपासले. तपासणी किरणोत्सारी कार्बनची होती. जिवंत झाडात कार्बन-१४ असतो. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. म्हणून लाखो वर्षे जमिनीत गाडल्या गेलेल्या कोळशात आणि डिझेलमध्ये तो औषधालाही सापडत नाही. काजळीच्या कणात कार्बन-१४ असेल तितका तो लाकडाचा, नसेल तितका कोळशा-तेलाचा. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: काजळीचा अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतचा भाग लाकूड, शेणी, काडीकचरा यांच्या ज्वलनातून आलेला होता. (गडावर पिठले-भाकरीच्या चुलीही लाकडावरच पेटतात, हे मला ठाऊक आहे, आणि असे नमुने घेताना जवळच्या धुराची काळजी घ्यावीच लागते. पण सुमारे आठशे मैलांवरच्या बेटावरही तसेच चित्र निघाले, त्याला पिठले-भाकरीचे कारण देता येत नाही.)

म्हणजे चुलीचा वाटा आहे. पण दोष कोणाचा हा निराळा प्रश्न झाला, आणि रामनाथन यांनी तो दोष आयांच्या माथी मारलेला नाही. त्यांनी स्वतः लहानपणी आपल्या आजीला चुलीच्या धुरात खोकताना पाहिले होते, आणि हे ते वारंवार सांगत आले आहेत. शिवाय काजळीचा कण हवेत फार तर काही दिवस ते दोनेक आठवडे टिकतो, पावसात धुऊन जातो. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतके राहतो. आज वातावरणात जो कार्बन डायऑक्साइड साचला आहे, तो आपल्या आईच्या पऱ्हाट्यांचा नाही. पऱ्हाटी दरवर्षी हवेतून जेवढा कार्बन घेते, तेवढाच जळताना परत देते. तो हिशेब कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांचा आहे. मात्र काजळी लवकर नाहीशी होते म्हणूनच ती थांबवली तर तिचा परिणामही लवकर दिसेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

चुलीपुढे बसणाऱ्याच्या दृष्टीने तर हवामानाचा मुद्दा दुय्यमच आहे. बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा साठ आहे, असे वर लिहिले. बंद माजघरात ओली लाकडे पेटत असताना फुंकणीला तोंड लावून बसलेल्या बाईच्या चेहऱ्यासमोर हा आकडा शेकड्यांत आणि कधी हजारांत जातो. आढ्याला लोंबणारी काळी जळमटे आपण पाहिलीच असतील. तोच थर छातीतही बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

म्हणून रामनाथन यांनी ‘सूर्या’ हा प्रकल्प उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सुरू केला. सुधारित चुली द्यायच्या आणि धूर खरोखर किती कमी झाला ते मोजायचे. मोजणीची रीत अगदी साधी होती. छोट्या पंपाने स्वयंपाकघरातील हवा गाळणीतून ओढायची, काळवंडलेल्या गाळणीचा मोबाइलने फोटो काढून पाठवायचा आणि काळेपणाच्या छटेवरून काजळीचे प्रमाण काढायचे. हे तंत्र विकसित करण्यात त्यांच्या कन्येचा वाटा होता. तुलनेत असे आढळले की विजेवर चालणारा छोटा पंखा असलेल्या चुलीत काजळी बरीच घटते, परंतु नुसत्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या सुधारित चुलींचा भरवसा देता येत नाही. कधी फरक पडतो, कधी पडतही नाही. ‘सुधारित’ असे छापील लेबल असलेली चूल वाटून मोकळे होणाऱ्यांना हे कडू लागते.

चांगल्या चुलीहून चांगला उपाय गॅस किंवा वीज, हे आता बहुतेकांना मान्य आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून सिलिंडर घरोघरी पोहोचले, पण दुसऱ्यांदा भरून आणण्याचे पैसे आणि शिवारात फुकट मिळणाऱ्या पऱ्हाट्या यांत घरचे लोक कशाची निवड करतात, हे यवतमाळात राहून आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. सकाळचा चहा गॅसवर आणि पाणी तापवणे, भाकरी, जनावरांचे आंबोण चुलीवर, अशी वाटणी मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत आहे. काजळीच्या हिशेबात अशा घराची नोंद कशी करायची, हा अजून अवघड प्रश्न आहे.

या तपकिरी ढगाच्या नावाखाली भारताची बदनामी झाली, असे त्या वेळी वाचल्याचे आठवते. त्यात तथ्य होते का?
— एक वाचक, पुणे

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या तपकिरी थरावर २००२ च्या ऑगस्टमध्ये जो अहवाल काढला, त्याच्या नावातच ‘आशियाई तपकिरी ढग’ हे शब्द होते. जोहान्सबर्गची शाश्वत विकासावरील जागतिक परिषद तोंडावर होती. असे धुरकट थर युरोप-अमेरिकेवरही असताना नाव आशियाचे का, हा आक्षेप योग्यच होता, आणि पुढे ‘आशियाई’ जाऊन ‘वातावरणीय तपकिरी ढग’ असे नाव रूढ झाले.

शास्त्रीय आक्षेप त्याहून महत्त्वाचा होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. श्रीनिवासन आणि मूळच्या पुण्याच्या मान्सूनतज्ज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात स्पष्ट लिहिले की हा थर जानेवारी ते मार्च या काळातला आहे, मान्सूनच्या पावसात तो टिकत नाही आणि त्यामुळे पावसावर विपरीत परिणाम होतो हा दावा निरीक्षणांनी सिद्ध झालेला नाही. रामनाथन, क्रुत्झन आणि सहकाऱ्यांनी त्याला उत्तर दिले. पुढे २००५ साली रामनाथन यांनी हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने मांडले की उत्तर हिंदी महासागरावर ऊन कमी पडल्याने बाष्पीभवन घटते, उत्तर आणि दक्षिण समुद्रांच्या तापमानातील फरक कमी होतो आणि मान्सून मंदावतो. वर्षभरातच दुसऱ्या एका गटाने असे सुचवले की तिबेटच्या उतारांवर तापलेली काजळी आणि धूळ उलट मान्सूनच्या सुरुवातीला पाऊस ओढून घेते. दोन्ही प्रक्रिया शक्य आहेत. कोणती कधी वरचढ ठरते, हे अजूनही भांडणाचे आहे.

रामनाथन यांचा मी चाहता आहे, तरी त्या वर्षीच्या वादात गाडगीळ यांचे पारडे मला जड वाटते. मोजलेले होते ते हिवाळ्यातले आणि मथळे झाले ते पावसाळ्याचे. तापमानवाढीतील काजळीच्या वाट्याचेही तसेच. २००८ मध्ये रामनाथन आणि ग्रेगरी कारमायकेल यांनी तिला कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल स्थान दिले होते. नंतरच्या आढाव्यांत तिचा आकडा बराच खाली आला. त्यामुळे त्यांचे मापन खोटे ठरत नाही, पण निष्कर्ष किती ताणायचा, हे मात्र त्यातून समजते.

काही कण ऊन परतवतात, तर मग हवा स्वच्छ केल्याने पृथ्वी अधिक तापणार नाही का?
— एक वाचक, नाशिक

थोडी तापेल. फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीने १९९१ साली वर फेकलेल्या गंधकयुक्त वायूपासून झालेल्या कणांनी पुढल्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. आपण कोळसा आणि तेल जाळून तयार करीत असलेली सल्फेटेही असेच छत्र धरून आहेत. या छत्रामुळे झाकली गेलेली तापमानवाढ अर्ध्या अंशाच्या आसपास असावी, असा अंदाज आहे, मात्र त्यातील अनिश्चितता मोठी आहे. रामनाथन यांनी या झाकलेल्या उष्णतेबद्दल इशारा दिला, तो कण राहू द्यावेत म्हणून नव्हे. सल्फेट कमी करताना त्याच बरोबर काजळी, मिथेन आणि खालच्या थरातील ओझोन यांनाही हात घालावा, म्हणजे एकाने वाढलेली उष्णता दुसऱ्याने भरून निघेल, असे त्यांचे म्हणणे. तेच कण फुप्फुसांत जाऊन माणसे मारतात, तेव्हा छत्र म्हणून ते राखून ठेवण्याचा सल्ला कोणीही शहाणा माणूस देणार नाही.

मला या विषयात संशोधन करायचे आहे. महाराष्ट्रात राहून ते शक्य आहे का आणि आधी काय शिकावे?
— बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, कोल्हापूर

शक्य आहे, आणि आपल्या राज्यात त्याची सोय बऱ्यापैकी आहे. पुण्यातील आयआयटीएमचा उल्लेख वर आलाच. २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ ही यंत्रणा तिनेच उभी केली आणि नंतर ती पुणे, मुंबईत आणली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. पवईच्या आयआयटीत पर्यावरण आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन्ही बाजूंनी एरोसोलवर काम चालते.

भौतिकशास्त्र असो की रसायनशास्त्र, आपला विषय सोडू नका. या क्षेत्रात दोन्हीकडची माणसे लागतात. प्रकाशाचे विकिरण, उष्मागतिकी आणि सांख्यिकी एवढे मात्र नीट करा आणि संगणकावर मोठ्या तक्त्यांचे गणित करायला आतापासून शिका. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत बिनपगारी का होईना, दोन महिने काढता आले तर पाहा. पहिले काम बहुधा चकत्या तोलण्याचेच मिळेल. चिमटा उजव्या हातात धरायचा आणि तराजूचे दार डाव्या हाताने लावायचे. श्वास मात्र बाजूला तोंड करून सोडायचा, नाहीतर आकडा स्थिरावत नाही.